लोकरीची मेंढी मटणाची कशी झाली, आणि जुळ्याचा हिशोब



परवा शेजारच्या गावातला एक पोरगा वाड्यावर आला. बारावी शिकलेला, दोन वर्षं पुण्यात कंपनीत काढून परत आलेला. घरची तीन एकर, त्यातली एकच पाण्याखाली. आल्या आल्या खिशातनं कागद काढला.

"काका, जुळी देणाऱ्या मेंढ्या घ्यायच्यात. वीस घेतो. वर्षात चाळीस कोकरं. चाळीस गुणिले सहा हजार. कर्ज पहिल्याच वर्षी फिटतंय."

मी त्याला चहा दिला आणि माझी २०१९ ची वही पुढं ठेवली. तिच्यात एका पानावर आमच्या घरच्यांच्या अक्षरात लिहिलंय : मेंढ्या व्याल्या १२, कोकरं १७, मेली ६. पोरगं ते पान बघून गप्प झालं. कागद घडी करून परत खिशात ठेवला.

तो गेल्यावर मला वाटलं, हे सगळं एकदा नीट लिहावं. नुसती आकडेमोड लिहून उपयोग नाही. ही जुळी देणारी मेंढी आली कुठनं, आपली मेंढी आधी कशासाठी होती, मटणासाठी कधी झाली, हे कळल्याशिवाय हिशोब चुकतोच. माझा चुकला होता. म्हणून जरा लांबड लावतो, सवडीनं वाचा.

*खत आणि घोंगडं*

मी माणदेशातला. आमच्या वडलांच्या काळात मेंढी मटणासाठी पाळतात असं कुणी म्हणालं असतं तर लोक हसले असते. मटण जत्रेला, पाहुणा आला तर, नाहीतर नवसाला. मेंढी होती ती दोन गोष्टींसाठी. लेंडी आणि लोकर.

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे निघायचे. कुणी कोकणात उतरायचं, कुणी नदीकाठच्या बागायतीकडं. जाता-येता आमच्या रानात मेंढरं बसवायची. वाघर लावायची, आत दोनशे-तीनशे मेंढरं, रात्रभर लेंडी आणि मूत रानात. सकाळी वाघर उचलून पुढच्या पट्टीत. आमचे वडील त्याबद्दल ज्वारी द्यायचे, पुढं पुढं रोख द्यायला लागले. ज्या पट्टीत मेंढरं बसली ती पट्टी पुढची दोन वर्षं लांबनं ओळखू यायची. आजच्या कृषी सहायकानं सेंद्रिय खतावर तासभर भाषण दिलं तरी मला त्या काळ्याशार पट्टीइतकं पटत नाही.

लोकर वर्षातनं दोनदा कातरायची. आपली दख्खनी मेंढी म्हणजे काळी, नाहीतर काळी-पांढरी, लहान चणीची, चिवट. एका मेंढीची वर्षाची लोकर जेमतेम अर्धा-पाऊण किलो, तीही जाडीभरडी, केसाळ. पण त्या जाड लोकरीचंच घोंगडं व्हायचं. सनगर लोक सूत कातून खड्ड्यातल्या मागावर विणायचे, चिंचोक्याची खळ द्यायचे. आमच्याकडं म्हसवडचं घोंगडं नावाजलेलं. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ, त्याचं घोंगडं मऊ, त्याला मान जास्त. शेतकरी पावसात खोळ करून तेच घोंगडं घ्यायचा, रात्री तेच अंथरायचा, बाळंतिणीलाही तेच. जाड काळ्या कांबळ्यांना लष्कराचंही गिऱ्हाईक होतं.

नर कोकरं विकली जायची, नाही असं नाही. आटपाडीचा, लोणंदचा बाजार तेव्हाही होताच. पण ती वरकड कमाई. मेंढी किती वजनाची कोकरं देते याचा विचार कुणी करत नव्हतं. मेंढी एका विताला एकच कोकरू द्यायची. शंभर मेंढ्या व्याल्या तर दोन-चार जुळी, बास.

आणि जुळं झालं तर आनंद नसायचा, हे ध्यानात ठेवा. आमच्या रानात बसायला येणारे एक म्हातारे धनगर होते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मी लहान असताना एकदा मेंढीनं रात्रीत दोन दिली. मी पळत जाऊन सांगितलं, "आबा, दोन झाली!" आबा म्हणाले, "दोन झाली म्हंजे एक खांद्यावं घ्या. उद्या आठ कोस चालायचं हाय. आईला दूध एकाचं, वाट दोघांची."

चालणाऱ्या वाड्यात दुसरं कोकरू म्हणजे ओझं. आपल्या दख्खनीला जुळी होत नाहीत हा काही तिचा दोष नव्हता. शेकडो वर्षं चालत्या कळपात जी टिकली ती एका कोकराची मेंढी टिकली.

*लोकर मऊ करायचा नाद*

स्वातंत्र्यानंतर सरकारनं मेंढी सुधारायला घेतली. चांगली गोष्ट. पण सुधारायचं काय ठरलं? लोकर. देशातल्या गिरण्यांना बारीक मऊ लोकर पाहिजे होती, ती बाहेरनं आणायला लागायची. मग १९६२ साली राजस्थानात मालपुऱ्याजवळ अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था सुरू झाली. नाव बघा, मेंढी आणि लोकर. हरियाणात हिसारला ऑस्ट्रेलियाच्या मदतीनं मोठं मेंढी पैदास केंद्र झालं, तिथं कॉरिडेल मेंढ्या आल्या. १९७१ पासून अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. त्यात देशी मेंढ्यांवर मेरिनो, रॅम्बुले असे परदेशी मेंढे वापरायचे आणि बारीक लोकरीची संकरित मेंढी काढायची असं धोरण होतं. मटणासाठीही थोडं काम होतं, डॉर्सेट आणि सफोक या विलायती जातींचे मेंढे वापरून. आपल्याकडं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनीवर काम झालं. १९७८ साली पुण्यात मेंढी व शेळी विकास महामंडळ उभं राहिलं. पुढं त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं नाव मिळालं.

शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे काम केलं असणार, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण संकरित मेंढा आमच्या भागातल्या धनगरांच्या गळी उतरला नाही. दाट लोकरीचं जनावर उन्हाळ्यात धापा टाकायचं. कुसळं अन् काटे लोकरीत गुंतून बसायचे. पावसात भिजलं की लवकर वाळायचं नाही. लांबचं चालणं जमायचं नाही. आबा म्हणायचे, "ह्ये जनावर सावलीतलं हाय. आमची सावली कुठं हाय?"

इथं एक गोष्ट टिपून ठेवा, पुढं लागेल. मेंढीची एकच गोष्ट मोजली, ती म्हणजे लोकर. ती मोजली म्हणून ती वाढवायचा खटाटोप झाला. मेंढीच्या बाकीच्या संसाराचा हिशोब कागदावर आलाच नाही.

*लोकर पडली, मटण चढलं*

तेवढ्यात बाजारच फिरला. पानिपतच्या चिंध्यांच्या धाग्याच्या चादरी-कांबळी आली, ॲक्रेलिकच्या रगा आल्या. वजनाला हलक्या, धुवायला सोप्या, किमतीला घोंगड्याच्या निम्म्या. खेड्यातल्या नव्या नवरीला घोंगडं नको झालं. लष्कराकडूनही मागणी सरली. सनगरांची पोरं दुसऱ्या कामाला गेली.

आज कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त आहे. मी स्वतः गेली कित्येक वर्षं कातरणाऱ्याला पैसे देतो आणि लोकर बांधावर टाकतो. ज्या लोकरीसाठी एवढी केंद्रं उभी राहिली ती आज आच्छादन म्हणून डाळिंबाच्या बुडात जाते. डाळिंबाला बरी पडते, एवढंच.

उलट मटण बघा. मी दहावीला होतो तेव्हा आमच्या बाजारात मटण पंचवीस-तीस रुपये किलो होतं. आज सातशे-आठशे. २०१९ च्या पशुगणनेत देशात मेंढ्या ७ कोटी ४२ लाखांच्या वर भरल्या, २०१२ पेक्षा १४ टक्के जास्त. लोकर पडून मेंढ्या वाढल्या, याचा अर्थ सरळ आहे. मेंढी आता मटणाची झाली.

ही बदली कुठल्या योजनेनं केली नाही, धनगरांनी स्वतःच्या डोळ्यानं निवड करून केली. कमी लोकरीची, उंच, लांब, झटपट वजन धरणारी जनावरं त्यांनी राखली. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातलं माडग्याळ गाव बघा. तिथली माडग्याळ मेंढी पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके, नाक पोपटासारखं बाकदार, लोकर नावाला. कोकरू महिन्याभरात डोळ्यात भरतं. आता तर देखण्या मेंढ्यांना लाखांच्या बोली लागतात, ते जरा डोहाळ्याचंच झालंय, पण जात चांगली आहे. तेलंगणात लोकांनी दख्खनी सोडून नेल्लोरचे मेंढे धरले. कर्नाटकातल्या बन्नूरची आखूड पायाची गुबगुबीत मेंढी मटणाच्या चवीसाठी आधीपासूनच नावाजलेली.

शास्त्रज्ञांनीही वाट बदलली. १९९० नंतर देशी जाती शुद्ध ठेवून त्यातच निवड करायची असं काम सुरू झालं. राहुरीला दख्खनी आता मटणासाठी, कोकराच्या वजनावर निवडतात.

आता छोट्या शेतकऱ्याचं गणित आलं. आमच्यासारख्याला दोनशे मेंढरं घेऊन कोकणात जायचं नाही. आपलं दहा-पंधरा मेंढ्यांचं. बांधावरचं गवत, तुरीचा-हरभऱ्याचा भुसा, सुबाभूळ, शेवरी, थोडा मेथीघास. संध्याकाळी वाड्यात. राज्य सरकारच्या महामेष योजनेतसुद्धा वीस मेंढ्या आणि एक मेंढा असाच गट आहे. अशा कळपात चालायचं ओझं नाही. मग आबांचा नियम उलटा होतो. मेंढी वर्षभर खाणार तेवढंच खाणार, तिनं एकाच्या जागी दोन दिली तर? हा प्रश्न ज्याला पडला त्याची गोष्ट आता सांगतो.

*सुंदरबन ते सिडनी, आणि परत फलटण*

बंगालमध्ये समुद्राच्या कडेला सुंदरबन आहे. दलदल, खारं पाणी, भाताची खाचरं. तिथं गरोळ नावाची मेंढी आहे. मोठी झालेली मेंढी बारा-चौदा किलोची, म्हणजे आपल्या दख्खनीच्या निम्मी. गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते. आणि एका विताला दोन, तीन, कधी चारसुद्धा कोकरं देते. तिथल्या गरीब बायाबापड्यांच्या दारात दोन-चार अशा बांधलेल्या असतात.

इंग्रजांनी १७८८ साली ऑस्ट्रेलियात कैद्यांची वसाहत केली. तिथं खायचे वांधे. मग १७९२-९३ साली कलकत्त्याहून जहाजातनं बंगाली मेंढ्या सिडनीला गेल्या. कशासाठी गेल्या? पोटासाठी, मटणासाठी. मेरिनो तिथं पोचली ती नंतर, १७९७ ला. पुढं लोकरीचा धंदा बहरला, बंगाली मेंढ्या मेरिनोच्या कळपात मिसळून गेल्या आणि लोक त्यांना विसरले.

दीडशे वर्षांनी तिकडं कुमा गावाजवळ बुरुला नावाच्या रानावर सियर्स बंधूंच्या मेरिनो कळपात भलतीच जुळी-तिळी व्हायला लागली. ते दोघे भाऊ शेतकरीच. पण त्यांची नजर बघा, त्यांनी अशाच मेंढ्यांची पिल्लं मुद्दाम राखली. १९५८ साली त्यांनी पाच कोकरांच्या वितातला एक मेंढा तिथल्या सरकारी संशोधन संस्थेला भेट दिला. त्यावर अभ्यास करता करता कळलं की हा सगळा खेळ एकाच जनुकाचा आहे. त्या बुरुला रानावरनं त्याला बुरुला जनुक म्हणतात, शास्त्रीय नाव फेक-बी. २००१ साली तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी तो जनुक नेमका कुठला ते शोधलं, त्यामुळं रक्ताच्या तपासणीवर तो ओळखता यायला लागला. आणि मग तपासल्यावर आपल्या सुंदरबनच्या गरोळमध्ये नेमका तोच बदल निघाला. अभ्यासकांचं मत असं की ऑस्ट्रेलियाचा बुरुला जनुक हा मूळ बंगालच्या मेंढीचा. ऑस्ट्रेलियातनं तो जगभर गेला. इस्रायलनं तर आपल्या दुधाळ अवासी मेंढीत तो घातला.

आता फलटण. फलटणला बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. लोक तिला नारी म्हणतात. त्यांनी नव्वदच्या दशकात सुंदरबनातनं गरोळ मेंढ्या फलटणला आणल्या. त्या वेळी लोकांनी हसून घेतलं असणार, बारा किलोची मेंढी मटणाला आणली म्हणून. पण त्यांना गरोळचं अंग नको होतं, तिचा जुळ्याचा गुण पाहिजे होता. दख्खनी, म्हणजे आपल्याकडची लोणंद, त्यात गरोळ, मग बन्नूर, पुढं अवासीचंही रक्त, असं करत वर्षानुवर्षं निवड केली. गरोळचा जनुक ठेवायचा आणि बुटकेपणा काढून टाकायचा. त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी हे काम पुढं नेलं, ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांना सोबत घेऊन. त्यातनं जी मेंढी उभी राहिली ती नारी सुवर्णा.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली वाटते सांगू? त्यांनी मेंढे आसपासच्या धनगरांच्या कळपात दिले आणि तिथं नोंदी ठेवल्या. संस्थेच्या सावलीत काय होतं यापेक्षा धनगराच्या वाड्यात काय होतं ते मोजलं. साध्या दख्खनीला शंभर वितांत शंभराच्या जरा वर कोकरं होतात, तर या जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढीला साधारण दीडशेच्या आसपास.

दीडशे. दोनशे नाही. आमच्या पोराच्या कागदावर चाळीस होते, ते इथंच तीस झाले.

तिकडं अविकानगरलाही गरोळ, मालपुरा आणि पाटणवाडी मिळून अविशान नावाची जास्त कोकरं देणारी मेंढी तयार केली आहे. मऊ लोकरीसाठी सुरू झालेल्या संस्थेनं जुळ्याची मेंढी काढली, एवढा काळ फिरला.

*माझी वही*

आता माझं ऐका. मी दोनदा आपटलो.

पहिल्यांदा २०१४ ला. एका व्यापाऱ्यानं "जुळ्याच्या मेंढ्या" म्हणून सहा दिल्या, दर दीडपट. बाजारात प्रत्येकीच्या अंगाखाली दोन-दोन कोकरं उभी होती. घरी आणल्यावर दोन दिवसांत कळलं, एकीनं दुसऱ्या कोकराला जवळ घेतलं नाही, शिंगाडलं. कोकरं दुसऱ्याच मेंढ्यांची होती. पुढच्या वितात सहांनी सहाच दिली. चूक माझी. जनुक मेंढीच्या तोंडावर लिहिलेला नसतो. मेंढ्याचं तर विचारूच नका, तो स्वतः वीत नाही, त्याला काय बघून ओळखणार? रक्त तपासल्याचा कागद नसेल तर "जुळ्याचा मेंढा" हे नुसतं तोंडचं वाक्य आहे.

दुसऱ्यांदा मी खरा मेंढा आणला, तपासलेला. त्याच्या पोरी वाढवल्या. त्या व्याल्या २०१९ च्या उन्हाळ्यात. तुम्हाला आठवतंय ते साल. आमच्या तालुक्यात छावण्या लागल्या होत्या. कडबा सोन्याच्या भावानं. भरड नाही, हिरवं नाही. १२ मेंढ्यांपैकी ५ जणींनी जुळी दिली. १७ कोकरं. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

मग एकेक जायला लागलं. एकटं कोकरू जन्मताना तीन किलोच्या आसपास असतं, जुळ्यातलं दोन-सव्वादोन, आणि त्या साली तर दीड किलोचीही होती. आईच्या कासेत दूधच नव्हतं. घरच्यांनी शेजारची शेळी पिळून बाटलीनं पाजलं, रात्री पोत्यात गुंडाळून चुलीपाशी ठेवलं. दोन वाचली तशी. सहा गेली, सहाच्या सहा जुळ्यातली. शेवटचं गेलं त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "तुम्ही मेंढीला दोन मागितली, तिला जास्तीचं काय दिलं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आबांचं वाक्य आठवलं. आईला दूध एकाचं.

आता हिशोब बघा. १२ मेंढ्यांची ११ कोकरं जगली. त्याआधी साध्या १२ मेंढ्या होत्या तेव्हाही १२ झाली, १ मेलं, ११ जगली होती. म्हणजे सुंदरबन-सिडनी-फलटण एवढा फेरा करून माझ्या वाड्यात बेरीज तीच. वर जगलेली जुळी साडेतीन महिन्यांनी नऊ-दहा किलोच भरली, साधी पंधरा भरायची.

*मग बदललं काय*

मी मेंढ्या विकल्या नाहीत. रीत बदलली.

गाभणकाळ पाच महिन्यांचा. त्यातल्या शेवटच्या दीड महिन्यात पोटातलं कोकरू सगळ्यात जास्त वाढतं. त्या दीड महिन्यात रोज पाव किलो खुराक सुरू केला, मका भरड आणि शेंगदाणा पेंड. व्याल्यावर जुळ्यावालीला दोन महिने तीनशे ग्रॅम.

मेंढा वर्षभर कळपात सोडायचं बंद केलं. पावसाळ्यात हिरवं असतं तेव्हाच सोडतो, म्हणजे मेंढ्या थंडीत वितात आणि हरभऱ्याचा भुसा, मेथीघास हाताशी असतो. उन्हाळ्यात वीत धरायचं नाही म्हणजे नाही.

पहिल्या दोन तासांत दोन्ही कोकरांना चीक पोटात गेलाच पाहिजे, स्वतः उभं राहून पाजतो. जुळ्यावालीला तीन दिवस वेगळ्या खणात ठेवतो, म्हणजे आई दोघांनाही ओळखते. आणि एक दुभती शेळी कायमची पाळली. दहा मेंढ्यांमागं एक शेळी म्हणजे विमा समजा.

आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, पीपीआरची आपल्या पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं, जंताचं औषध लेंडी तपासून. एवढं तर साध्या मेंढीलाही पाहिजेच.

मेंढे दर दोन वर्षांनी बदलतो. बापलेकीचा संबंध येऊ देत नाही. आणि दोन्हीकडनं जनुक आला की तिळ्याची भीती वाढते, तीन कोकरं माझ्या वाड्यात मला नकोतच. म्हणून साध्या, अंगानं दणकट, दुधाला बऱ्या मेंढ्या मुद्दाम राखतो, त्यांच्यावर तपासलेला मेंढा.

२०२२ ची वही सांगते : मेंढ्या व्याल्या १०, कोकरं १५, जगली १४. साडेतीन महिन्यांनी सरासरी १३ किलो. म्हणजे १८२ किलो, मेंढीमागं १८ किलोच्या वर. साध्या मेंढ्यांचं ११ कोकरं गुणिले १५ किलो म्हणजे १६५ किलो, बारांत वाटले तर मेंढीमागं पावणेचौदा.

मेंढीमागं साडेचार किलो जास्त. जिवंत वजनाला ४०० रुपये धरा, अठराशे रुपये झाले. त्यातनं वाढीव खुराकाचे, आई आणि कोकरं मिळून, नऊशे गेले. हातात राहिले नऊशे. दहा मेंढ्यांना नऊ हजार.

दुप्पट नाही. कर्ज एका वर्षात फिटत नाही. पण नऊ हजार खरे आहेत, आणि रात्री झोप लागते.

*मोजायचं काय*

हे सगळं लिहून झाल्यावर मला एक दिसतं. आधी आम्ही मेंढीची लोकर मोजली. मग उंची आणि नाक मोजलं. आता जुळी मोजतोय. दर वेळी एकच आकडा धरला आणि त्याच्या मागं पळालो. माझ्यापुरता आता आकडा एकच : एका मेंढीमागं विकायला किलो किती उभे राहिले, आणि त्यासाठी खर्च किती झाला. या आकड्यात आईचं दूध येतं, मरतूक येते, चारा येतो, औषध येतं. त्यात खोटं बोलता येत नाही.

गरोळ मेंढी सुंदरबनात दोन-तीन कोकरं देते ती घराच्या दारात, चालायचं नाही, पाणी-हिरवं जवळ. आमची दख्खनी एक देते ती उन्हात चालून. दोघी आपापल्या जागी शहाण्याच. एकीचा गुण दुसरीत आणताना तिची जागापण थोडी आणावी लागते, नाहीतर ती बिचारी दोन देते आणि आपण सहा पुरतो.

काल त्या पोराला फोन केला. म्हणालो, "वीस नको. सहा घे, साध्या, चांगल्या कासेच्या. मेंढा तपासलेला घे, रक्ताचा कागद बघूनच. आधी एक एकरातली दहा गुंठे मेथीघास आणि बांधाला शेवरी लाव, मग मेंढ्या आण. वही पहिल्या दिवसापासून, आणि मेलेलं कोकरूपण लिहायचं."

तो म्हणाला, "काका, मेलेलं कशाला लिहायचं?"

म्हणालो, "माझ्याकडं आलास तेव्हा तुला तेच पान दाखवलं की."

तुमच्या भागात कुठली मेंढी आहे, मेंढीमागं किती किलो सुटतात, आणि जुळी असतील तर किती जगतात, ते खाली लिहा. खरे आकडे लिहा, मेलेल्यांसकट.